अळवाचं पान, जांभ्याचा सडा आणि बॉनचे बार्थलॉट

पाऊस एकदा का धरला की कोकणात कुठल्याही घराच्या मागच्या बाजूला जा, न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं अळू बघा. धो धो कोसळतोय, शेजारची जास्वंद पार भिजून गेलीय, आणि अळवाचं पान कोरडं ठाक. पाणी पडतं, त्याची गोळी होते, जरा थरथरते आणि घरंगळून जाते, जाताना पानावरची लाल माती पण सोबत नेते. अळवावरचं पाणी आपण पिढ्यानपिढ्या बघतोय. पण पान कोरडं राहतं म्हणूनच ते स्वच्छही राहतं, हे शास्त्रीय पद्धतीने दाखवून दिलं ते विल्हेल्म बार्थलॉट यांनी. जर्मनीतले वनस्पतीशास्त्रज्ञ, जन्म १९४६ चा, आणि खरं सांगायचं तर ते हे शोधायला निघालेच नव्हते.

त्यांचं काम वर्गीकरणाचं. कोणतं झाड कोणाच्या कुळातलं, कोण कोणाचं जवळचं. हायडेलबर्गला शिकले, पीएचडी केली ती झाडांवर वाढणाऱ्या निवडुंगांवर. १९७० च्या दशकात स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हाताशी आला आणि त्यांनी पानांचे पृष्ठभाग बघायला घेतले, कारण पानावरच्या मेणाच्या नक्षीवरून पण कुळं ओळखता येतात. आता हे मशीन इतकं बारीक दाखवतं की धुळीचा कण म्हणजे समोर धोंडाच. त्यामुळे पान आधी धुवून घ्यायचं. आणि तिथे एक गोष्ट लक्षात आली, गुळगुळीत पानं कायम मळलेली असायची, धुतल्याशिवाय बघताच येत नव्हती, आणि जी पानं मशीनखाली खडबडीत, मेणाच्या कणांनी भरलेली दिसायची ती मात्र स्वच्छच असायची. आपल्याला वाटतं गुळगुळीत ते स्वच्छ. इथे बरोब्बर उलटं! मला त्यांच्या सगळ्या कामात हा क्षण सगळ्यात आवडतो, कारण पान धुवायचा कंटाळवाणा भाग सगळ्यांनीच केला असेल, पण कुठली पानं धुवावी लागत नाहीत ह्याच्यावर ते थांबले.

होतं काय, तर पानाच्या पेशी वर उंचवटे काढतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, आणि त्या उंचवट्यांवर पुन्हा मेणाचे त्याहून कितीतरी बारीक स्फटिक. थेंब नुसता टोकांवर टेकतो, खाली हवा अडकलेली. धुळीचा कण पण टोकांवरच टेकलेला, म्हणजे त्याची पानाशी पकड जेमतेम, ओल्या थेंबाशी जास्त, म्हणून थेंब गडगडला की कण त्याच्याबरोबर जातो. बुरशीचे बीजाणू पण असेच धुतले जातात, आणि चार महिने ओल्यात काढणाऱ्या झाडाला ह्याचं केवढं मोल आहे ते आंबा-सुपारीवाल्यांना सांगायला नको. करून बघा घरी, अळवाच्या पानावर अंगठा जोरात घासा आणि तिथे पाणी सोडा, घासलेल्या पट्ट्यावर पाणी चिकटतं, बाजूला गोळी होते.

१९७७ मध्ये त्यांनी हे पहिल्यांदा छापलं, पण गाजलं ते तब्बल वीस वर्षांनी. १९९७ ला सहकारी क्रिस्टोफ नाइनहुइस यांच्यासोबतचा शोधनिबंध आला, कमळाच्या पानावरचा, आणि नाव पडलं लोटस इफेक्ट. १९९९ ला त्याच तत्त्वावरचा भिंतीचा रंग बाजारात आला, त्याच वर्षी जर्मनीचा पर्यावरण पुरस्कार पण मिळाला. पुढे २०१० ला साल्विनिया ह्या तरंगत्या नेच्याचं काम. त्याच्या पानावर ताक घुसळायच्या रवीसारखे केस असतात, सगळे पाण्याला झटकणारे, फक्त टोकं पाणी धरून ठेवणारी, त्यामुळे पाण्याखाली पण हवेचा थर टिकतो. जहाजाच्या तळाला असा हवेचा थर देता आला तर पाण्याशी घर्षण कमी, इंधन कमी, म्हणून त्याच्यावर संशोधन चालू झालं.

पण त्यांची ओळख रंगापुरती ठेवली तर अर्धा माणूस सुटतो. जर्मनीतल्या बॉनला ते प्रोफेसर होते, तिथल्या बोटॅनिकल गार्डनचे डायरेक्टर होते, आणि १९९६ ला जगाचा नकाशा केला, दर १०,००० चौरस किलोमीटरला किती जातींची झाडं ते दाखवणारा. शिवाय आफ्रिकेतल्या उघड्या खडकांच्या टेकड्यांवर सहकारी वनस्पतीशास्त्रज्ञ पोरेम्ब्स्की यांच्यासोबत वर्षानुवर्षं काम केलं. पाऊस आला की खडकावर डबकी, पाऊस गेला की तवा तापलेला. तिथे उगवणाऱ्या जेनलिसियावरचं त्यांचं काम १९९८ चं, हे इवलंसं झाड जमिनीखालच्या पानांनी सूक्ष्मजीव पकडून खातं हे त्यांनी दाखवलं.

हे ऐकून आपला सडा, म्हणजे कोकणातलं उघड्या कातळाचं पठार, आठवला ना? रत्नागिरी, राजापूर, देवगड, जांभ्याचा काळा पडलेला कातळ, आणि जेनलिसियाच्याच कुळातली सीतेची आसवं ही फुलं, निळीजांभळी, कातळावर पसरलेली. सोबत गेंदाची फुलं, दवबिंदू ह्या किडे खाणाऱ्या झाडाचे चिकट लाल केस, पावसाच्या सुरुवातीला पांढरी दीपकाडी, जिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. आणि सातबाऱ्यावर हा सडा पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून लागतो! चिऱ्याच्या खाणी आणि आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग, आणि आपण म्हणतो तिथे होतंच काय. अहो, लोटस इफेक्ट सापडला तो पण कुणाला काही उपयोग आहे का न विचारता हजारो पानं बघत बसल्यामुळेच. सड्यावरचं पान बघायच्या आधीच फोडून टाकलं तर ते काय करत होतं हे कळणार कसं.

गणपतीला गावी जाल तेव्हा एक सकाळ सड्यावर काढा, दहा पट दाखवणारं साधं भिंग पुरतं. पाय बघून टाका, सीतेची आसवं बोटभरच उंच असतात. आणि फुलं तोडू नका, फोटो काढा.