लॅन पोर्ट उडालाय? मदरबोर्ड बदलायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की एक प्रकार हमखास होतो, बिल्डिंगच्या नेटवर्क स्विचपासून (इंटरनेट घराघरांत वाटणारा डबा) घरात येणाऱ्या लांबलचक लॅन वायरमधून झटका येतो आणि कॉम्प्युटरचा लॅन पोर्ट, म्हणजे ही वायर जिथे खोचतो ते भोक, उडतो. माझ्याकडे झालंय हे. बाकी मशीन ठणठणीत, फक्त पोर्टवरचा छोटा दिवा लागेना, आणि रिपेअरवाल्याने सरळ मदरबोर्डच बदलायला सांगितला. इतका राग आला होता! कारण हजाराच्या आतल्या एका नेटवर्क कार्डवर, म्हणजे नवा लॅन पोर्ट देणाऱ्या वेगळ्या कार्डवर, काम झालं.

पण कार्ड घ्यायच्या आधी वायर तपासा. गिगाबिटला (म्हणजे हजार एमबीपीएस स्पीडला) वायरमधल्या आठही तारा लागतात, शंभर एमबीपीएसला चारच पुरतात. म्हणून एखादी तार तुटली किंवा टोकाची प्लास्टिकची क्लिप नीट मारली नसली की बऱ्याचदा कनेक्शन चालू राहतं पण स्पीड ९५ एमबीपीएसच्या पुढे हलत नाही, आणि आपण उगाच कार्डाला दोष देतो.

आता कार्ड. डब्यावरचं नाव राहू द्या बाजूला, चिपचा नंबर बघा. कार्डाच्या मधोमध काळी चौकोनी चिप असते, त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून झूम करा. रियलटेक आरटीएल ८१११ किंवा ८१६८ दिसलं की घरच्यासाठी बिनधास्त घ्या, विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालतं. अडीच गिगाबिटवालं हवं असेल तर ८१२५, पण तुमचा राउटर गिगाबिटचाच असेल तर त्यासाठी जास्तीचे पैसे घालू नका.

स्लॉट मात्र कॅबिनेट उघडून स्वतः बघा. पीसीआय एक्सप्रेस एक्स वनचं कार्ड मदरबोर्डवरच्या छोट्या एक्स वन स्लॉटमध्ये बसतं आणि मोठ्या एक्स सिक्स्टीनमध्येही बसतं, जुन्या पीसीआयमध्ये मात्र नाही. आणि कॅबिनेट बारकं असेल तर दुकानात लो प्रोफाइल पट्टी (कार्डाला लावायची कमी उंचीची धातूची पट्टी) आहे का ते विचारून घ्या, नाहीतर घरी आल्यावर झाकणच लागणार नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जाणार असाल तर सर्व्हरमधून काढलेली इंटेलची चार पोर्टवाली कार्डं कुणी दाखवेल. मूळ माल उत्तमच असतो, पण त्यातल्या आय ३५० या मॉडेलच्या नकला बाजारात भरपूर आहेत, आणि घरी आपल्याला एकच पोर्ट लागतो ना, मग कशाला ती जोखीम.

लॅपटॉपवाल्यांनी यूएसबी ॲडॅप्टर घ्या, आरटीएल ८१५३ चिपवाला, आणि तो यूएसबी थ्रीच्याच पोर्टला लावा, टू ला लावला तर ४८० एमबीपीएस ही कागदावरची हद्द, प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतं.

कार्ड बसवलं की बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होतानाच उघडणारं सेटिंग) जाऊन जुना ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डवरचा, लॅन डिसेबल करा. आणि प्लीज, विजा सुरू झाल्या की लॅनची वायर कार्डातून काढून ठेवा, नुसतं विजेचं बटण बंद करून भागत नाही.