चंद्रपुरात हिमनदी होती तेव्हा

नमस्कार मंडळी.

चंद्रपूरच्या पश्चिमेला, पैनगंगेच्या पात्रात इरई गावाजवळ चुनखडीचा खडक आहे. घासून गुळगुळीत झालेला आणि वर एकाच दिशेनं गेलेले ओरखडे. दीडशे वर्षांपूर्वी भूगर्भशास्त्रज्ञांनी तो पाहिला आणि ते चक्रावले. असे ओरखडे पुराचं पाणी पाडत नाही. पोटात दगडगोटे धरून सरकणारी हिमनदी पाडते. म्हणजे जिथं मे महिन्यात पारा 47 अंशांवर जातो, तिथं सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी बर्फ सरकत होता!

त्याच काळातल्या अशाच खुणा दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, ब्राझीलमध्ये आहेत. ब्राझीलच्या खुणा तर सांगतात, की बर्फ आजच्या समुद्राच्या बाजूनं आला. पण असा बर्फ साचायला जमीन लागते. मग तिकडे तेव्हा कोणती जमीन होती? आफ्रिका. ब्राझीलला अगदी खेटून.

हे सगळे भूभाग एकत्र होते आणि दक्षिण ध्रुवाच्या आसपास होते. त्या जोडजमिनीला जगभर गोंडवन म्हणतात, आपल्या गोंडांच्या मुलखावरून. ऑस्ट्रियाच्या एडवर्ड स्युस यांनी 1885 मध्ये ते नाव रुळवलं. मात्र त्यांना वाटे, मधली जमीन समुद्रात बुडाली. हेच गोंडवन सुमारे 33.5 कोटी वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या भूभागांना येऊन भिडलं आणि पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन एक झाली. तिचं नाव पॅन्जिया.

बर्फ हटला तशी इथं दलदल झाली, जंगलं माजली. वणी, घुग्घूस, बल्लारपूर, उमरेडचा कोळसा म्हणजे ती जंगलंच. त्यात एक झाड मुख्य, ग्लॉसोप्टेरिस. पान जिभेच्या आकाराचं, मधोमध ठळक शीर. कामठीजवळच्या वाळूखडकात याचे ठसे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच गोळा केले होते. तुमच्यापैकी कोणी खाणीत कामाला असेल, तर कोळशासोबत निघणाऱ्या पापुद्र्यांच्या दगडावर असा ठसा दिसू शकतो. दिसला तर फोडू नका, जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या सरांना दाखवा.

याच पानाची एक गोष्ट आहे. कॅप्टन स्कॉट 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना साथीदारांसह थंडीत आणि उपासमारीत गेले. शोधायला आलेल्यांना तंबूत मृतदेह सापडले आणि जवळच सुमारे 16 किलो दगड. पाय उचलत नव्हते, तरी त्यांनी ते ओझं टाकलं नव्हतं. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस होतं. कामठीचं झाड अंटार्क्टिकात! त्याचं बी समुद्र ओलांडून जाण्याजोगं नव्हतं.

त्याच 1912 च्या जानेवारीत जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर यांनी मांडलं, की खंड सरकतात. ते म्हणत, फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे कडेला कड लावून जुळवले आणि छापील ओळीही एकमेकींत बसल्या, तर तो कागद एकच होता हे मानावंच लागेल. बहुतेक शास्त्रज्ञांनी मानलं नाही. वेगेनर हवामानाचे माणूस, हाही एक राग असावा. पण आक्षेप खोटा नव्हता. एवढी जमीन सरकवणारं बळ कोणतं, याचं पटेल असं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. 1930 मध्ये ते ग्रीनलंडच्या बर्फात वारले.

उत्तर समुद्राच्या तळाशी निघालं, 1960 च्या दशकात. महासागरांच्या तळाशी लांबच लांब डोंगररांगा आहेत. तिथं तळ फाटतो, खालचा तप्त रस वर येतो आणि नवा तळ घडतो. जुना, थंड, जड झालेला तळ दुसरीकडे खोल गर्तेतून खाली बुडतो आणि आपल्यामागं सगळा पट्टा ओढतो. खंड त्या पट्ट्यांवर बसलेले असतात, म्हणून तेही जातात.

पॅन्जिया सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वी फाटू लागला. पुढं भारत अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून सुटला आणि साधारण 9 कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासूनही. मग तो उत्तरेकडे असा निघाला, की एका टप्प्यात वर्षाला 15 सेंटीमीटरहून जास्त. खंडाच्या हिशेबात ही धावच. वाटेतच, 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरांवर थर ओतला गेला. अमरावती, अकोला, यवतमाळचा काळा दगड तो, आणि त्याचीच झिजून झालेली माती आज वावरात पराटी पोसते. पूर्वेकडं, भंडारा-गडचिरोलीच्या बाजूला, बहुतेक ठिकाणी हा थर नाही. तिथले काही खडक तर 250 कोटी वर्षांहून जुने, पॅन्जिया त्यांच्यापुढं कालचा.

सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला धडकला आणि हिमालय उचलला गेला. ढकलणं अजून चालूच आहे, वर्षाला 5 सेंटीमीटरच्या आसपास. तिकडे अटलांटिक दरवर्षी दोन-तीन सेंटीमीटर रुंदावतो. आणखी 20-25 कोटी वर्षांत सगळे खंड पुन्हा एकत्र येतील, असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं. फक्त कोणता महासागर मिटून, यावर त्यांचं जुळत नाही. काही म्हणतात अटलांटिक, काही म्हणतात पॅसिफिक.