कॉलेजचा कॅमेरा, शनिवार-रविवार आणि एक कपाट

नमस्कार मंडळी. आज आधी एक दृश्य सांगते, बाकीचं मग.

दोघं जण गाडीचं एक जुनं इंजिन विकत घेतात. खिशातले होते नव्हते ते पैसे त्यातच जातात. मग ते धूड हातांवर पेलत, मध्येच थांबून दम खात, एकेक पायरी करत जिना उतरवतात. पिकअपच्या मागच्या बाजूला चढवतात, पण अगदी कडेलाच. आणखी आत सरकवायचं राहून जातं. गाडी चढावर सुरू होते न होते तोच इंजिन धाडकन रस्त्यावर पडतं आणि फुटतं. दोघं उतरतात, बघतात, पुन्हा गाडीत बसतात. कॅमेरा गाडीच्या मागच्या बाजूलाच आहे. गाडी पुढे जाते आणि ते रस्त्यात पडलेलं इंजिन लहान लहान होत जातं.

कुणी रडत नाही, संगीत वाजत नाही. पण महिन्याच्या शेवटी घरात पैसे कसे संपतात हे ज्याने पाहिलंय, त्याला या दृश्यात काही समजावून सांगावं लागत नाही.

हा सिनेमा 'किलर ऑफ शीप'. दिग्दर्शक चार्ल्स बर्नेट. आणि हा होता विद्यापीठाचा प्रोजेक्ट! लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये, बर्नेटने १९७७ साली पदव्युत्तर पदवीसाठी तो सादर केला. आपल्याकडे शेवटच्या सेमिस्टरला प्रबंध बाइंडिंग करून देतात ना, तसा.

तो बनला कसा, ते ऐका. १६ एमएमची, म्हणजे अरुंद पट्टीची, कृष्णधवल फिल्म. खर्च दहा हजार डॉलरच्या आत. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, निर्मिती, सगळं बर्नेटचं. शूटिंग बहुतेक शनिवार-रविवारी, १९७२ पासून पुढे जमेल तसं. जागा वॉट्स, तो लहानाचा मोठा झाला ती कृष्णवर्णीयांची कष्टकरी वस्ती. १९६५ साली तिथे लोकांच्या रागाचा मोठा उद्रेक झाला होता, ३४ माणसं गेली होती. बाहेरच्यांना वॉट्स म्हटलं की जाळपोळच आठवायची. बर्नेटने काय दाखवलं? कत्तलखान्यात काम करून रात्री झोप न लागणारा स्टॅन. त्याची बायको. एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारणारी पोरं. आणि स्वयंपाकघरातलं एक दृश्य: स्टॅन चहाचा गरम कप गालाला लावून बसतो. त्या उबेत त्याला जी आठवण येते, ती मी सांगणार नाही, तुम्ही स्वतः बघा. कॅमेऱ्यासमोर बरेचसे वस्तीतलेच लोक आहेत.

आता मला विद्यापीठाबद्दल बोलायचंय, कारण हे एकट्या बर्नेटचं काम नव्हतं. १९६०चं दशक सरता सरता यूसीएलएने वेगवेगळ्या वांशिक समूहांतल्या विद्यार्थ्यांना सिनेमा विभागात आणण्यासाठी खास प्रयत्न सुरू केले. इलिसियो टेलर नावाचे शिक्षक त्यामागे होते. त्यातून आणि त्या वातावरणातून इथिओपियाहून आलेला हाइले गेरिमा, जूली डॅश, लॅरी क्लार्क, बिली वुडबेरी अशी मंडळी तयार झाली. पहिल्याच वर्षी प्रत्येकाने एक छोटी फिल्म करायची, तिला 'प्रोजेक्ट वन' म्हणत. पुढे सगळे एकमेकांच्या फिल्मवर राबायचे. आज माझ्या सेटवर तू कॅमेरा धर, उद्या तुझ्या सेटवर मी. गेरिमाच्या 'बुश मामा' या सिनेमाच्या छायाचित्रणात बर्नेट होता. वुडबेरीच्या पहिल्या मोठ्या सिनेमाची पटकथा आणि कॅमेरा दोन्ही बर्नेटचं. 'बुश मामा'च्या सुरुवातीला पोलीस दोन-तीन माणसांना अडवून झडती घेताना दिसतात ना, तो अभिनय नाही. रस्त्यावर शूटिंग करणाऱ्या युनिटलाच पोलिसांनी खरोखर थांबवलं होतं, आणि गेरिमाने ते सिनेमात ठेवलं.

या गटाला पुढे 'एल. ए. रिबेलियन', म्हणजे लॉस एंजेलिसचं बंड, हे नाव पडलं. जूली डॅशचा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' १९९१ साली आला. कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीने दिग्दर्शित केलेला आणि अमेरिकेत रीतसर चित्रपटगृहांत लागलेला तो पहिला कथापट.

पण 'किलर ऑफ शीप' मात्र लागला नाही. कारण काय, तर गाणी. त्यात गायिका डायना वॉशिंग्टन आहे, गायक पॉल रोब्सन आहे, ब्लूज हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं संगीत आहे, आणि हक्क एकाचेही घेतलेले नव्हते. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी गाण्याचे हक्क कोण घेतं? तरी फिल्म महोत्सवांत, वर्गांत फिरत राहिली. १९८१ साली बर्लिनला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे देशाने जपून ठेवायच्या सिनेमांच्या यादीत, तिचं नाव आलं, तेही पहिल्या पन्नासांत. आणि प्रेक्षकाला तिकीट काढून ती बघायची सोय नाही!

इथे विद्यापीठाची दुसरी कामगिरी येते, आणि मला ती पहिलीइतकीच मोठी वाटते. यूसीएलएचं स्वतःचं फिल्म अर्काइव्ह, म्हणजे सिनेमांचं संग्रहालय, आहे. तिथे या सिनेमाचं जतन झालं आणि १६ एमएमवरून ३५ एमएमची, म्हणजे चित्रपटगृहात चालणाऱ्या रुंद पट्टीची, नवी प्रिंट तयार झाली. माइलस्टोन या छोट्या वितरण संस्थेने गाण्यांच्या हक्कांसाठी सुमारे दीड लाख डॉलर उभे केले. म्हणजे सिनेमाच्या खर्चाच्या पंधरा पट पैसे गाण्यांना! २००७ साली सिनेमा लागला, तीस वर्षांनी. त्याच अर्काइव्हने २०११ साली या सगळ्या विद्यार्थ्यांच्या फिल्म शोधून मोठा महोत्सव भरवला. २०१७ साली बर्नेटला मानद ऑस्कर मिळालं.

मी हे इतकं जीव तोडून का सांगतेय? आम्ही पाच जणांनी शेवटच्या वर्षाला वीस मिनिटांची फिल्म केली होती. माझ्या आजीची गल्ली, पहाटेचं पाणी भरणं, त्या गर्दीत तिची खणखणीत हाक. आजी गेल्यावर मी विभागात फिल्म मागायला गेले. कळलं की हार्ड डिस्क फॉरमॅट करून पुढच्या बॅचला दिली. चूक आमचीही, कॉपी ठेवली नाही. पण आजीचा तो आवाज आता माझ्याकडे कुठेच नाही.

म्हणून सिनेमा शिकवणाऱ्या प्रत्येक विभागाकडे माझं मागणं आहे. वार्षिक महोत्सव जरूर करा, ट्रॉफ्या द्या, पाहुणे बोलवा. पण त्या आधी एक कपाट घ्या. प्रत्येक फिल्मच्या दोन कॉप्या, वेगवेगळ्या जागी. सोबत एका कागदावर कोणी काय केलं त्याची नावं, कुठे शूट झालं, गाणं कुणाचं. आणि दर महिन्याला एका संध्याकाळी जुन्या बॅचची एक फिल्म नव्या मुलांना दाखवा, जमलं तर करणाऱ्यालाही बोलवा. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआय आहे, आणि त्याच रस्त्यावर १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय फिल्म अर्काइव्ह. सिनेमा शिकायची जागा आणि सिनेमा सांभाळायची जागा इतकी जवळ जवळ आहे हे मला तिथून जाताना दर वेळी फार बरं वाटतं.

अजून एक सांगायचं राहिलं. बर्नेटने शेवटच्या प्रसंगावर डायना वॉशिंग्टनचं 'अनफर्गेटेबल' लावलं होतं. २००७ साली त्याचे हक्क मिळाले नाहीत, म्हणून तिथे तिचंच दुसरं गाणं घालावं लागलं. २०२५ साली सिनेमाची नवी फोर-के, म्हणजे अतिशय स्पष्ट दिसणारी डिजिटल, प्रत आली. त्यात शेवटी पुन्हा 'अनफर्गेटेबल' वाजतं.