हिंजवडीत नोकरी लागली, आता फ्लॅट कुठे घ्यायचा?

नमस्कार! "जॉइनिंग हिंजवडीत आहे, फ्लॅट कुठे घेऊ?" हा प्रश्न कमेंटमध्ये इतक्यांदा आलाय की आज बोलूनच टाकू.

बजेट आणि हप्त्याचं गणित तुमचं तुम्ही केलं असेलच. प्रकल्पाचा महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नंबर तपासायचा, करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांच्या वर पैसे द्यायचे नाहीत, हेही पाठ असेल. पुढे जाऊ.

जाहिरातीत सगळेच प्रकल्प 'हिंजवडीपासून १० मिनिटं'. असतील की, रविवारी पहाटे! ते सोडा, जागा कोणाच्या हद्दीत आहे ते बघा. वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत पिंपरी-चिंचवड महापालिकेत. बाणेर, बालेवाडी पुणे महापालिकेत, म्हाळुंगेही २०२१पासून तिथेच. माण, मारुंजीत ग्रामपंचायत आणि बांधकाम परवानगी पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची.

हद्द कशासाठी? पाण्यासाठी. "महापालिकेत आहे म्हणजे पाणी आहेच" असं लिहिणाऱ्यांनो, पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९पासून दिवसाआड पाणी येतंय.

आता हिशोब करा. २०० फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर. रोजचे १ लाख ८ हजार लिटर झाले. नळाला पाणी नसेल तर १० हजार लिटरचे जवळपास ११ टँकर, रोज. बिल्डर पाणी विकत घेतो तोवर कोणाला कळत नाही. सोसायटी ताब्यात आली की तेच बिल मेंटेनन्समध्ये येतं.

हे आधी कळतं, पण कागद उघडावा लागतो. महारेराच्या साइटवर प्रकल्पाच्या पानावर बांधकाम परवानगी अपलोड केलेली असते. सगळे पहिलं पान बघून बंद करतात. अटींपर्यंत जा. महापालिका पाणी देऊ शकेपर्यंत विकसकाने स्वखर्चाने पुरवावं, अशा अर्थाची अट किंवा हमीपत्र दिसलं, तर सेल्स ऑफिसमधला 'कॉर्पोरेशन वॉटर' हा शब्द विसरा.

कागद वाचायचा कंटाळा असेल तर एप्रिल-मे महिन्यात सकाळी शेजारच्या तयार सोसायटीच्या गेटवर उभे राहा आणि टँकर मोजा. वॉचमनला विचारलं तर तो बिल्डरपेक्षा खरं सांगेल.

म्हणूनच विकत घेण्याआधी त्याच भागात ११ महिन्यांचा भाडेकरार करा, मात्र त्यात उन्हाळा यायला हवा. तेवढ्यात नोकरी बदलून खराडीला जायची वेळ आली, तर शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेऊन बसलात असं तरी होणार नाही.

आता घेताना लागणारे कर. बांधकाम सुरू असलेल्या ७० लाखांच्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे साडेतीन लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर शून्य. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार.

आणि हो, "बायकोचं नाव टाकलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का वाचतो ना?" वाचतो, पण खरेदीदार फक्त महिलाच असतील तर. नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर ही सवलत मिळत नाही.