नाडी

(लघुमाहितीपट : निवेदन)

[दृश्य : दिल्ली. 'गूंज' संस्थेचं वर्गीकरण केंद्र. गोणी उघडली जाते आहे.]

गोणीचं तोंड सुटलं की आधी वास येतो. डांबरगोळ्यांचा, बंद कपाटाचा. तो कॅमेऱ्यात येत नाही, म्हणून सांगितला.

वर निघते एक शेरवानी. तिच्याखाली शाळेचा स्वेटर, कोपरावर विरलेला. मग उंच टाचेचा बूट. एकच. दुसरा याच गोणीत असेल, पुढच्या गोणीत असेल, नाहीतर देणाऱ्याच्या पलंगाखाली.

देणाऱ्याचं घर आवरून झालं. इथलं आवरणं आता सुरू होतंय. शहरांतले वापरलेले कपडे गोळा करून, निवडून गावांत पोचवणारी ही 'गूंज' संस्था.

[दृश्य : हात. फक्त हात. कपडा उलटा, सुलटा, झटकून बाजूला.]

या ताईंचा हात बघा. शिवण, काखेची बाजू, चेन, बटणं. चार ठिकाणी बोट फिरलं की निकाल. जसा आहे तसा जाईल, दुरुस्त होऊन जाईल, की कापला जाईल. शहरातल्या बाईची जीन्स गावातल्या बाईच्या फारशी कामाची नाही. तिचं शाळेचं दप्तर होतं. अगदीच जीर्ण कपड्याच्या चिंध्यांमधूनही बसायची आसनं निघतात.

आणि ही सलवार. कापड नवंकोरं, रंग टिकलेला, फक्त नाडी नाही. देताना कुणीतरी ओढून घेतली असावी, घरात कामाला येते म्हणून. नाडीशिवाय ही सलवार गावात पोचली, तर तिथल्या बाईने काय करायचं? दुकान शोधायचं? म्हणून इथे नाडी ओवली जाते. एकेका सलवारीत.

[दृश्य : नाडी ओवताना. निवेदन थांबवावं. मागचा आवाज तसाच ठेवावा.]

[दृश्य : जुनी छायाचित्रं, कृष्णधवल.]

ही सगळी मांडणी ज्यांनी केली त्या अंशु गुप्तांचं शिक्षण पत्रकारितेचं. 1991 साली उत्तरकाशीत भूकंप झाला, तेव्हा ते तिकडे गेले होते. कपड्यांची गरज त्यांनी तिथे पहिल्यांदा जवळून पाहिली. पण ते ज्या माणसाबद्दल पुन्हापुन्हा बोलतात, तो भेटला दिल्लीत.

त्याचं नाव हबीब. सायकलरिक्षा ओढायचा, आणि रिक्षावर लिहिलेलं असायचं, की हा दिल्ली पोलिसांसाठी बेवारस प्रेतं उचलतो. एका प्रेतामागे 20 रुपये आणि दोन मीटर पांढरं कापड. गुप्ता काही दिवस त्याच्यासोबत फिरले. थंडीत काम इतकं वाढतं की उरकत नाही, असं हबीबने त्यांना सांगितलं. त्याच्या लहान मुलीनेही एक गोष्ट सांगितली होती. थंडी वाजली की ती प्रेताला बिलगून झोपायची. ते हलत नाही, कूस बदलत नाही, म्हणून त्रास देत नाही.

[दृश्य : दिल्लीची रात्र. शेकोटी. धुकं. इथे संगीत नको.]

अन्न, वस्त्र, निवारा. आपण शाळेत पाठ केलं. अन्नासाठी रेशन आहे, निवाऱ्यासाठी घरकुल योजना आहे. मधल्या शब्दाचं काय?

[दृश्य : दिल्लीतली कार्यालयीन इमारत, काचेत आकाश.]

पुढे गुप्तांनी नोकरी धरली. मोठ्या कंपनीत, कॉर्पोरेट कम्युनिकेशनची. 1998 साली ती सोडली. राजीनामा देतानाचं चित्रण कुणाकडेच नसतं, त्यामुळे आमच्याकडेही नाही. ही काच आहे, तेवढ्यावर भागवा. पुढच्या वर्षी पत्नी मीनाक्षी आणि काही मित्रांसह 'गूंज' सुरू झाली. भांडवल काय? घरातले 67 कपडे.

'नोकरी सोडली' या दोन शब्दांवर आपल्याकडे फार टाळ्या पडतात. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. कंपनीत माल आला की नोंद होते, प्रत पाहिली जाते, कुणाला काय हवंय ते विचारूनच तो पाठवला जातो. दानाच्या बाबतीत हे कुणी का करत नव्हतं?

[दृश्य : संग्रहातील चित्रण. तामिळनाडूचा किनारा.]

न केल्याने काय होतं, ते 2004 च्या त्सुनामीनंतर दिसलं. देशभरातून कपडे गेले, आणि त्यांतले कितीतरी रस्त्याकडेला ढिगांनी पडून राहिले. वेळप्रसंग, हवामान, तिथल्या बायका काय नेसतात, कशाचा विचार न करता पाठवलेले.

[दृश्य : सुती कापड. कात्री. घड्या.]

वापरून मऊ झालेलं सुती कापड इथे वेगळं निघतं. धुवायचं, वाळवायचं, कापायचं, आणि हुक, पिन, बटण काही राहिलेलं नाही ना, ते पाहायचं. एका बाईने पाळीत ब्लाउजचा तुकडा वापरला, त्यात गंजलेला हुक राहिला होता, आणि ती धनुर्वाताने गेली, असं गुप्ता सांगतात. या टेबलावरच्या घड्या पाळीच्या कापडाच्या. 'माय पॅड' म्हणून त्या गावोगाव जातात. आमच्या कॅमेरामनने इथे आधी कॅमेरा खाली घेतला होता. ताईच म्हणाल्या, काढा की.

[दृश्य : बांबूचा पूल. माणसं ओळीने पलीकडे जाताना.]

बिहारमधला हा पूल गावकऱ्यांनी बांधला. काय बांधायचं, ते गावाने ठरवलं. कुठे विहीर, कुठे तळं, कुठे रस्ता. श्रम गावाचे, आणि मोबदल्यात 'गूंज'कडून कपडे, भांडी, घरात लागणाऱ्या वस्तू. या योजनेला आधी 'क्लॉथ फॉर वर्क' म्हणायचे, आता 'डिग्निटी फॉर वर्क' म्हणतात.

आपल्याला यात नवल वाटू नये. दारावर बोहारीण यायची. आजी चार जुन्या साड्या पुढे टाकायची, बोहारीण पातेलं दाखवायची, आजी म्हणायची झाकण पण दे. तासभर घासाघीस. त्यात कुणी दाता नव्हतं आणि कुणी याचक नव्हतं. जुन्या कपड्याला भाव असतो, हे दोघींनाही ठाऊक होतं.

[दृश्य : ट्रक भरताना. गोण्यांवर चिठ्ठ्या.]

2015 साली गुप्तांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काम अनेक राज्यांत पसरलं आहे.

[दृश्य : पुन्हा वर्गीकरणाचं टेबल. संध्याकाळचा उजेड.]

उंच टाचेच्या बुटाचा जोडीदार सापडला, तिसऱ्या गोणीत. ताईंनी दोन्ही सुतळीने एकत्र बांधले, क्षणभर पाहिलं, आणि विचारलं, "हे घालून चालतात तरी कशा?"

पुढची गोणी आली. वर पुन्हा एक सलवार. नाडी नाही.