आई, तुला इंग्रजी येत नाही?

(अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. गणपती बाप्पा मोरया!

आरती झाली आहे, प्रसाद वाटायचा आहे आणि मागे मुलांची नाटकाच्या कपड्यांवरून धावपळ चालली आहे. कार्यकारिणीने मला 'नागरिकत्व आणि आपण' असा विषय दिला होता. मी दोन पानं लिहूनही आणली होती. पण या उन्हाळ्यात आमच्या घरी जे घडलं ते मनातून जात नाही. म्हणून ती पानं पर्समध्येच राहू देते आणि तेच सांगते.

जूनमध्ये मला ज्यूरी ड्यूटीचं समन्स आलं. आपल्या मिडलसेक्स काउंटीचं, ऑगस्टमधली तारीख, न्यू ब्रन्सविकचं कोर्ट. सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या. पाकिटावर कोर्टाचं नाव आहे म्हटल्यावर त्यांनी देवापुढचा दिवा आधी लावला आणि मग विचारलं, "अगं, आपण काय केलंय?" काही केलेलं नाही, दुसऱ्याच्या खटल्यात दोषी की निर्दोष ते ठरवायला पंच म्हणून बोलावलंय, असं मी सांगितलं. तरी त्या म्हणाल्याच, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

त्या शनिवारी जेवायला चार कुटुंबं होती. समन्सचा विषय निघाला आणि उपायांचा पाऊस पडला. तारीख पुढे ढकलत राहा. तब्येतीचं कारण दे. पोलिसांवर माझा विश्वासच नाही म्हण, लगेच सोडतात. आणि एकाने सांगितलं, "सोपं आहे, इंग्रजी येत नाही असं लिही. आपलं नाव बघून कोणी पुढे विचारतसुद्धा नाही." मी पोळ्या वाढत होते. वाढता वाढता म्हटलं, "हो, तेच लिहिते."

माझी धाकटी तेरा वर्षांची आहे. तिने ताटातून मान वर केली आणि विचारलं, "आई, तुला इंग्रजी येत नाही?"

तिने टोमणा मारला नव्हता. ती खरंच विचारत होती. तिचे शाळेचे निबंध मी तपासते. गेली एकोणीस वर्षं मी ऑफिसात इंग्रजीत रिपोर्ट लिहिते, इंग्रजीत भांडते, इंग्रजीत पगारवाढ मागते. सगळ्यांचं बोलणं थांबलं. मग ती म्हणाली, "तू न्यूअर्कला हात वर करून ओथ घेतलीस तेव्हा मी होते ना." होती. मी नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा पाच वर्षांची होती, कागदाचा छोटा झेंडा धरून माझ्या पायाशी उभी होती.

पाहुणे गेल्यावर घरात वाद झाला. हे म्हणाले, मुलांसमोर असलं बोलायचंच कशाला. मी म्हटलं, म्हणजे मुलांमागे चालेल? सासूबाई म्हणाल्या, नसती ब्याद. अकरा वाजेपर्यंत आम्ही तिघं बोलत होतो आणि वरच्या खोलीतला दिवा चालू होता. ती ऐकत होती.

मंडळी, नागरिकत्वाची परीक्षा आपण सगळ्यांनी पाठ केली आहे. मी दिली तेव्हा शंभर प्रश्न होते. गाडीत लावून, भांडी घासताना, एकमेकांना विचारून आपण ते घोकले. त्यात एक प्रश्न होता: फक्त नागरिकांचीच असते अशी एक जबाबदारी सांगा. उत्तरं दोनच होती. संघराज्याच्या निवडणुकीत मतदान करणं आणि ज्यूरीत बसणं. जे घोकून आपण पासपोर्ट मिळवला, ते करायची वेळ आली की आपण म्हणतो, इंग्रजी येत नाही.

मी त्या फॉर्मवर खरं तेच लिहिलं. ते करताना ज्या गोष्टी कळल्या त्या सांगते, कारण ओक ट्री रोडवर, आपल्या देशी बाजारात, चहाच्या कपाबरोबर जे सल्ले मिळतात त्यातले निम्मे चुकीचे आहेत.

नावं येतात कुठून? मतदार यादी, ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचा इन्कम टॅक्स अशा याद्या एकत्र करून, चिठ्ठी टाकावी तशी. म्हणून मतदार नोंदणीच करायची नाही, म्हणजे ज्यूरीला नाव लागणार नाही, हा आपला आवडता समज खोटा आहे. मत मात्र हातचं जातं. आणि म्हणूनच ग्रीन कार्डवाल्यांना, एच-वन व्हिसावर नोकरी करणाऱ्यांनाही समन्स येतं. त्यांनी घाबरायचं नाही, पण कागद टाकूनही द्यायचा नाही. मी नागरिक नाही असं कळवायचं, विषय संपला. पण चुकून, घाईत, 'नागरिक आहे' या चौकोनात खूण करू नका. आपण नागरिक आहोत असं खोटं सांगितल्याची नोंद इमिग्रेशनच्या फाइलीत फार महागात पडते. मुलाने आईवडिलांचा फॉर्म भरून दिला आणि भराभर 'हो, हो' करत गेला, असं होऊ शकतं. शेजारी बसून भरा.

अठरा वर्षं पूर्ण, नागरिक, त्या काउंटीत राहणारा, इंग्रजी वाचून समजणारा, एवढंच मुख्यतः लागतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मागितली तर सूट मिळते. ज्यांना खरोखर इंग्रजीची अडचण आहे, त्या आपल्या काकू-आजींनी तसं लिहिण्यात काहीच कमीपणा नाही. ती सोय त्यांच्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही. भारताची तिकिटं काढलेली असतील, परीक्षा असेल, तर तारीख बदलून मागता येते. काही न कळवता घरी बसलात, तर न्यू जर्सीत ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आणि ज्यूरीला गेलात म्हणून मालकाला तुम्हाला कामावरून काढता येत नाही, धमकावता येत नाही. कायदाच आहे तसा. पगार द्यायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या कंपनीचा प्रश्न, तो आधी विचारून घ्या.

आणखी एक, आणि हे घरातल्या ज्येष्ठांना आज रात्रीच सांगा. "तुम्ही ज्यूरीला आला नाहीत, तुमच्या नावाने वॉरंट निघालंय, गिफ्ट कार्डावर पैसे भरा" असे फोन येतात. समोरचा माणूस पोलीस अधिकाऱ्याच्या आवाजात बोलतो, बॅज नंबर सांगतो. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही. कधीच नाही. फोन ठेवून द्या. पोलिसांचं नाव काढलं की आपल्या लोकांचे हात कापायला लागतात, हे त्या चोरांना पक्कं ठाऊक आहे.

तर ऑगस्टमध्ये मी गेले. आदल्या संध्याकाळी आपला नंबर बोलावलाय का ते बघायचं असतं, तो बोलावला होता. सकाळी लवकर मोठ्या खोलीत बसवलं. नर्स होती, ट्रकचालक होता, नुकतंच कॉलेज संपवलेली मुलगी होती, सुताराच्या खिशात पेन्सिल तशीच होती. बॅज मिळाला, एक फिल्म दाखवली, मग आमच्यातल्या काही जणांना वरच्या मजल्यावर कोर्टात नेलं. फौजदारी खटला होता. बारा जण लागतात, एक-दोन जास्तीचे घेतात, आणि बाराही जणांचं एकमत व्हावं लागतं. दिवाणी खटल्याला आपल्याकडे बहुधा सहाच असतात. ग्रँड ज्यूरी म्हणून आणखी एक प्रकार आहे, तेवीस जणांपर्यंतचा. ती मंडळी दोषी-निर्दोष ठरवत नाहीत, आरोप ठेवण्याइतकं काही आहे का एवढंच बघतात.

न्यायाधीशांनी खटल्याबद्दल चार वाक्यं सांगितली आणि आरोपीला उभं राहून आमच्याकडे वळायला सांगितलं.

मुलगा विशी-बाविशीचा होता. आकाशी रंगाचा शर्ट नवा कोरा, पाकिटातून काढून तसाच घातलेला. छातीवर, पोटावर, बाह्यांवर घड्यांच्या चौकोनी रेघा तशाच होत्या. एक टाचणी कॉलरखाली राहिली होती, मान हलली की ती चमकायची. ही घडी मोडायला, इस्त्री फिरवायला सकाळी कोणी नव्हतं. त्याने आमच्या रांगांवरून नजर फिरवली. माझ्यावर ती थांबली असं नाही, पण माझ्यावरून गेली. त्या क्षणी मला कळलं की तो आम्हाला मोजत होता. यात माझं ऐकून घेणारं कोण आहे, हे शोधत होता.

मंडळी, धाकटीचा प्रश्न मला तेव्हा पुन्हा ऐकू आला. इंग्रजी येत नाही असं लिहून मी आज घरी बसले असते, तर ती खुर्ची रिकामी राहिली नसती. दुसरं कोणी तरी बसलंच असतं. उद्या तिथे आपला कोणी उभा राहिला, आणि सगळ्या रांगांवरून नजर फिरवूनही आपलं घर, आपलं बोलणं, आपली लाजण्याची-गप्प बसण्याची रीत ओळखणारं एकही माणूस दिसलं नाही, तर ते कुणामुळे?

घरी आल्यावर मी हे सगळं सांगत होते, तर धाकटीने विचारलं, "टिळकांच्या ज्यूरीत कोण होतं?" मागच्या वर्षी याच स्टेजवर मुलांनी टिळकांचं नाटक केलं होतं, ती उपरणं सांभाळत सरकारी वकील झाली होती. शेंगांच्या टरफलांपासून मंडालेपर्यंत आपण सगळं करतो. मुंबई हायकोर्टातला तो शिलालेख आपल्याला पाठ असतो. ज्यूरीने दोषी ठरवलं तरी मी निर्दोष आहे, हे आपण मुठी आवळून म्हणतो. पण ती ज्यूरी कोण, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. १९०८ साली नऊ जण होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. खटला होता 'केसरी'तल्या मराठी लेखांवर, आणि ज्यूरीपुढे होती त्यांची इंग्रजी भाषांतरं. टिळक दिवसचे दिवस स्वतः उभे राहून सांगत होते की या शब्दाचा अर्थ हा नाही, या वाक्याचा सूर तो नाही. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षांची शिक्षा. त्याआधी १८९७ साली सहा विरुद्ध तीन, तिथेही सहा युरोपियन आणि तीन हिंदी अशीच फाळणी.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ज्यांना मराठी येत होतं त्यांना बसूच दिलं नाही. आणि तुला बोलावलं तर तू नको म्हणत होतीस."

यावर मला उत्तर सुचलं नाही. भारतात फौजदारी खटल्यांतली ज्यूरी आपण गमावली. पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटींच्या खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, हायकोर्टाने शिक्षा दिली, हे आपल्या घरांतून अजून चघळलं जातं. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच राहिली नाही. न्यायदान आपलं काम नव्हे, ते साहेबांचं, ही सवय आपल्या हाडात आहे. सासूबाईंच्या म्हणीत तीच आहे, आणि ती म्हण अनुभवातून आलेली आहे. वर्षानुवर्षं तारखा घेत खेटे घालणाऱ्यांची ती म्हण आहे. पण इथे मला पायरी चढायला लावली ती दुसऱ्यासाठी.

एक रागाची गोष्ट सांगते, आपलीच माणसं म्हणून सांगते. आपल्यापैकी कुणाचं नाव बातमीत आलं, अटक झाली असं कळलं, की व्हॉट्सॲपवर संध्याकाळपर्यंत निकाल लागतो. "आपल्याला आधीच शंका होती." "बायकोची बाजू घ्या" किंवा "मुलगा तसलाच." दहा वर्षं एकत्र फराळ केलेली घरं त्या कुटुंबाला दिवाळीला बोलावत नाहीत. कोर्टात मला न्यायाधीशांनी सांगितलं की सिद्ध होईपर्यंत हा माणूस निर्दोष आहे, शंका उरली तर दोषी म्हणायचं नाही, खटल्याबद्दल नवऱ्याशीही बोलायचं नाही, फोनवर काही शोधायचं नाही. आपण यातलं एक तरी पाळतो का? पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हे शिकायला मला फार लांब जावं लागलं नाही. कोर्ट घरापासून पंधरा मिनिटांवर आहे.

मला शेवटी घेतलं नाही. प्रश्न विचारतात, त्यातला एक होता: पोलिसाची साक्ष इतर कुणाच्या साक्षीपेक्षा तुम्ही जास्त खरी मानाल का? मी म्हटलं, नाही, सारखीच. पण म्हणायच्या आधी मी थांबले, आणि ते थांबणं सगळ्यांना दिसलं. थोड्या वेळाने एका वकिलांनी मला जायला सांगावं अशी विनंती केली. कारण द्यावं लागत नाही. न्यायाधीशांनी आभार मानले, मी बॅज परत केला.

तेव्हापासून मी स्वतःला विचारते आहे की माझं उत्तर खरं होतं का. त्या मुलाचा रंग, कानातली बाळी, हातावरचं गोंदण बघून माझ्या मनात आधीच काही ठरलं होतं का? नसावं असं वाटतं. छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आणि मला खरं सांगता येत नसेल, तर माझ्या मुलांच्या बाबतीत त्या खुर्चीत बसलेल्याकडून मी काय मागू?

रात्री सासूबाईंनी एकच विचारलं, "त्या मुलाबरोबर कोणी आलं होतं का गं?" मागच्या बाकावर एक बाई एकटीच बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी ते सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

धाकटी अजून विचारते, त्याचं पुढे काय झालं. मला माहीत नाही.