खदानीची पाहणी मे महिन्यात

नागपूरच्या भोवती रस्ते आणि वसाहती उभ्या राहताना जागोजागी मुरूम उपसला गेला आणि मागे उरले ते उभ्या कडांचे खड्डे. येथे उदाहरणादाखल घेतलेली खदान त्यांपैकीच एक असून, तिच्या कडा उतरत्या करून त्यांवर गवत व झाडे लावलेली आहेत. सप्टेंबरमध्ये ती हिरवीगार दिसते. परंतु येथील वर्षाचा सुमारे 1,100 मिलिमीटर पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळात पडत असल्याने, तेव्हा तरोटा आणि गाजरगवतसुद्धा कोणतीही उघडी जमीन झाकून टाकतात. म्हणून खरी पाहणी मे महिन्यात, पारा 45 अंशांकडे झुकलेला असताना करावी.

सुरुवात झाडांपासून नव्हे, उतारापासून होते. सुटा मुरूम साधारणपणे 35 अंशांच्या आसपास स्थिर राहतो; मात्र त्या उतारावर पावसाचे पाणी इतका वेग घेते की बी रुजण्याआधीच वाहून जाते. 3 मीटर आडव्या अंतराला 1 मीटर चढ, म्हणजे सुमारे 18 अंश, हा उतार गवताला मानवतो. पण 6 मीटर उंचीच्या कड्याला त्यासाठी 18 मीटर जागा सोडावी लागते, आणि भरावाला हवा असलेला मुरूम तर एव्हाना कुठल्यातरी रस्त्याखाली दबलेला असतो. उताराचा विचार खोदकाम चालू असतानाच व्हायला हवा, तो याचसाठी.

यानंतर पायथा पाहावा. पहिल्या पावसाळ्यात बोटभर ओघळ पडणारच. तेच पुढच्या वर्षी रुंदावून घळी झाले असतील, तर वरच्या काठाचा समतल चर, म्हणजे पाणी अडवण्यासाठी समपातळीत खणलेला आडवा चर, बहुधा फुटलेला असतो, आणि अशा वेळी नवी रोपे लावणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय.

वनस्पतींसाठी 1 मीटर लांबी-रुंदीची चौकट माथ्यावर, मध्यावर आणि पायथ्याशी ठेवून मारवेल, पवन्या यांसारखी गवते आणि तण यांचे आच्छादन वेगवेगळे नोंदवतात. माथा उघडा राहिला असेल, तर वरची सुपीक माती तेथवर पोहोचलीच नाही, ही शक्यता आधी तपासावी. सावनेर तालुक्यातील गुमगाव मँगनीज खाणीच्या टाकाऊ ढिगांवर नागपूरच्याच ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने साखर कारखान्यातील प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ), जिवाणू खते आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी यांच्या आधारे झाडे वाढवली होती. मुरमाच्या खदानीतही सेंद्रिय द्रव्याची वानवा अशीच असते.

लावलेल्या रोपांचा आकडा कागदावर असतोच. त्याशेजारी आपोआप उगवलेल्या पळस, बाभूळ, सीताफळाच्या रोपांची मोजणीही लिहावी, आणि गुरांनी खुडलेली रोपे वेगळी दाखवावीत.